'हायर ग्राउंड' : उद्धाराचा संदेश नाचायला लावणाऱ्या ठेक्यात सांगता येतो का?

दूरदेशी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

गेले काही आठवडे एक गाणे मी रोज ऐकतो आहे आणि त्याने मनात निर्माण केलेला प्रश्न एकट्याने सुटत नाही, म्हणून हा धागा काढला आहे. गाणे आहे अमेरिकन गायक-वादक स्टीव्ही वंडर यांचे 'हायर ग्राउंड' (म्हणजे 'उंच जागा'), १९७३ सालच्या 'इनरव्हिजन्स' या अल्बममधले. प्रकार फंक. ज्यांना हा प्रकार परिचित नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो : अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजाच्या संगीतातून साठच्या दशकात फंकने आकार घेतला. त्यात सुरावटीपेक्षा ठेक्याला अधिक मान असतो, आणि पहिल्या मात्रेवर सगळी वाद्ये अशी एकवटतात की ऐकणाऱ्याला अंग आवरून बसणे अवघड जाते.

या गाण्यातले शब्द मात्र एखाद्या प्रवचनात शोभावेत असे आहेत. सैनिक लढतच राहतात, सत्तेवरचे लोक खोटे बोलत राहतात आणि त्यांचीच प्रजा मरत राहते, तरी जग फिरत राहते, असे आधी सांगून झाल्यावर गाणारा म्हणतो की मागच्या खेपेला मी पृथ्वीवर आलो होतो तेव्हा सारा काळ पापात घालवला, आणि 'त्या'ने मला पुन्हा एकदा प्रयत्न करू दिला याचा मला फार आनंद आहे. तेव्हा जे कळत नव्हते ते आता कळते, म्हणून सर्वांत उंच जागी पोहोचेपर्यंत मी प्रयत्न सोडणार नाही. गाणे संपता संपता तो बजावतो की ती उंच जागा देवच दाखवील.

माझ्या कार्यालयातील एका सहकाऱ्याला हे गाणे तोंडपाठ आहे, पण तो त्याला पार्टीचे गाणे म्हणतो. मला ते पटत नाही. सांगलीला आमच्या घरी दर एकादशीला भजन होत असे. शेवटच्या गजरात टाळांची लय चढत गेली की माझी आजी, जी गुडघ्यांमुळे जिना चढताना दोनदा थांबायची, ती भिंतीचा आधार सोडून उभी राहायची आणि पावले टाकू लागायची. त्या क्षणी तिला नामाचा विसर पडत होता असे कोणी म्हणू शकेल का? माझे मत असे की या गाण्याचा ठेका संदेशाच्या आड येत नाही, तो संदेश त्या ठेक्यावाचून पोहोचलाच नसता. तुम्हाला काय वाटते?

आर्या_पुणे

माझा अनुभव तुमच्या मताच्या विरुद्ध आहे आणि तो जसा आहे तसा सांगते. हे गाणे मी प्रथम ऐकले ते रेड हॉट चिली पेपर्स या बँडने १९८९ साली 'मदर्स मिल्क' या अल्बममध्ये केलेल्या रूपात. महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात आमच्या वर्गातील मुले ते वाजवत असत आणि आम्ही घसा बसेपर्यंत ओरडत असू. त्या गाण्यात पाप आहे, देव आहे, दुसरी संधी आहे, हे मला आज, तुमचा धागा वाचून, म्हणजे जवळपास वीस वर्षांनी कळले. ठेका पोहोचला होता, संदेश पोहोचला नव्हता.

खर्जातला_सा

दूरदेशी, विषय मनापासून आवडला. अर्थाविषयी जाणकार बोलतीलच, मी पेटीवाला आहे, तेव्हा वाद्याच्या बाजूने काही सांगतो.

गाण्याच्या सुरुवातीला जे खरखरीत, बोलल्यासारखे वाद्य ऐकू येते ते गिटार नसून क्लॅव्हिनेट आहे. जर्मनीतल्या होनर कंपनीचे हे वाद्य. दिसायला पेटीसारख्या पट्ट्या, पण आत भात्याऐवजी तारा. पट्टी दाबली की तिच्याखालचा रबराचा तुकडा तारेला खालच्या धातूवर दाबतो आणि तारेची कंपने विजेच्या पिकअपमधून बाहेर येतात. वंडर यांनी हा आवाज म्यूट्रॉन नावाच्या उपकरणातून काढला. त्या उपकरणाचे काम असे की बोटाचा जोर वाढला की आवाजाचे तोंड उघडते आणि जोर ओसरला की ते मिटते. म्हणून प्रत्येक सूर 'वाव' असा उच्चारल्यासारखा येतो. ध्वनिमुद्रणात ही उघडझाप यंत्र आपल्या मर्जीने करत नाही, ती सर्वस्वी वाजवणाऱ्याच्या बोटांच्या हाती असते. पेटीवाल्याला भात्याचे जे महत्त्व, तेच इथे या जोराचे आहे.

मी ते पेटीवर लावून पाहिले. काळी दोन षड्ज धरला की मुख्य तुकडा निघतो तो सा, कोमल गंधार, मध्यम. म्हणजे काळी दोन, काळी तीन, काळी चार. तीन सूर, तिन्ही काळ्या पट्ट्यांवर, आणि तिन्ही चढते. वंडर जन्मानंतर थोड्याच दिवसांत अंध झाले. ते वेळेआधी जन्मले होते आणि उबवणीपेटीतल्या जास्तीच्या प्राणवायूने डोळ्यांचे पडदे निकामी झाले. न पाहता वाजवणाऱ्या हाताला उंच काळ्या पट्ट्या चटकन सापडतात हा माझाही अनुभव आहे, कारण वीज गेल्यावर अंधारात मी तेच करतो. 'उंच जागा' मागणाऱ्या गाण्याचा हात पट्ट्यांच्या उंच रांगेवरच चढत जातो, हे मला वाजवताना बोटांना जाणवले. वंडर यांनी ते ठरवून केले असा माझा दावा नाही.

आणखी एक. या ध्वनिमुद्रणातले क्लॅव्हिनेट, मूग सिंथेसायझरवरचा (विजेवर आवाज घडवणाऱ्या वाद्यावरचा) खर्ज, ड्रम, खंजिरी, गाणे, सगळे एकट्या वंडर यांचे आहे. मे १९७३मध्ये सुमारे तीन तासांत ते लिहून, वाजवून पुरे केले असे ते सांगत आले आहेत.

निरुत्तर

चर्चा संगीताकडे जाण्याआधी मूळ शब्दाविषयी मला आक्षेप नोंदवायचा आहे. धाग्याच्या शीर्षकात 'उद्धार' म्हटले आहे. आपल्या परंपरेत उद्धाराची अखेर मुक्तीत होते आणि मुक्ती म्हणजे जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका. हा गायक तर फेऱ्यात परत आल्याचा आनंद मानतो आहे. सुटका झालेली नाही आणि झाली नाही याचे दुःखही नाही. ज्याला पुन्हा जन्म मिळाल्याचा आनंद होतो त्याला मोक्षाची तहान लागलेली नाही, असेच आपल्याकडचे कोणतेही दर्शन म्हणेल. तेव्हा हे गाणे सुंदर असेल, पण ते उद्धाराचे गाणे नव्हे. ते फार तर पश्चात्तापाचे आणि आशेचे गाणे आहे.

नगरची_सांज

निरुत्तर, तुमचा आक्षेप हिंदू दर्शनाच्या बाजूने आहे, मी तोच ख्रिस्ती बाजूने मांडू शकेन. आमचे कुटुंब चार पिढ्या नगरच्या ख्रिस्ती मंडळीतले आहे. आमच्या शिकवणीप्रमाणे माणूस एकदाच जन्मतो, एकदाच मरतो आणि मग न्याय होतो. त्यामुळे 'मागच्या खेपेला पृथ्वीवर असताना' हे शब्द चर्चमध्ये वाढलेल्या माणसाच्या तोंडी आले की मीही पहिल्यांदा दचकले होते.

तरीही या गाण्याची मुळे मला माझ्या ओळखीच्या जमिनीत दिसतात. याच नावाचे एक जुने उपासनागीत आहे, १८९८ साली जॉन्सन ओटमन यांनी लिहिलेले, ज्यात भक्त 'माझे पाय उंच जागी रोव' अशी विनवणी प्रभूला करतो. कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये ते फार आवडीने गातात. वंडर डेट्रॉइटच्या व्हाइटस्टोन बाप्टिस्ट चर्चच्या वृंदात लहानपणी गात होते, तेव्हा ही प्रतिमा त्यांच्यापर्यंत कुठून आली असेल हे कोड्यात टाकणारे नाही. फरक मात्र लक्षात घेण्याजोगा आहे. जुन्या गीतात प्रभूने पाय रोवायचे आहेत, आणि इथे प्रभू संधी देतो, चढायचे ज्याचे त्याने आहे.

दुसरी गोष्ट साक्षीची. आमच्याकडे सभेत उभे राहून माणूस सांगतो की मी पूर्वी असा होतो, आणि आता असा आहे. ऐकणारे 'आमेन' म्हणतात. माझ्या एका काकांनी दारू सुटल्यावर दिलेली साक्ष मला आठवते. ते म्हणाले होते, 'तो माणूस मेला, त्याच्या कर्जाचे हप्ते तेवढे मी भरतो आहे.' त्यांच्या हातात तेव्हा हप्त्यांचे पुस्तक होते आणि बोलताना ते त्याची कड अंगठ्याने मुडपत होते. मागचा जन्म म्हणजे देह पडण्याआधीचा जन्म असा अर्थ घेतला तर गाणे तुमच्याकडे झुकते, आणि मन पालटण्याआधीचे आयुष्य असा घेतला तर ते आमच्याकडे येते. मला वाटते, दोन्ही अर्थ त्यात मावतात.

दिंडीकर

निरुत्तर, आपल्याकडचे 'कोणतेही दर्शन' हा शब्दप्रयोग थोडा घाईचा झाला असे नम्रपणे सुचवतो. तुकोबांनी मुक्ती आणि धनसंपदा दोन्ही नको म्हटले, संतसंग मागितला आणि त्यासाठी गर्भवासाची सुखाने तयारी दाखवली, हे वारीत चालणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पुन्हा जन्म मागणे म्हणजे भक्तीत उणीव असे वारकरी मानत नाहीत.

पण या दोहोंत फरक आहे आणि तो झाकून ठेवणे बरोबर नाही. तुकोबांना परत यायचे आहे ते प्रेमसुखासाठी. वंडर यांच्या गाण्यातला माणूस परत आला आहे तो चुका दुरुस्त करण्यासाठी. एकाला सोबत सोडवत नाही, दुसऱ्याच्या मानेवर मागची बाकी आहे. म्हणून त्याच्या आवाजात घाई आहे, आणि ती घाई ठेक्यातही आहे. आपल्या गजरात लय वाढते तेव्हा तिच्यात घाई नसते, भर असतो.

आर्याताई, तुमच्या अनुभवाविषयी एक विचारतो. लहानपणी आपण हरिपाठ अर्थ न कळता म्हटला. वीस वर्षांनी एखादी ओळ अंगावर आली तेव्हा ती नव्याने पाठ करावी लागली नाही, ती आत होतीच. तुम्ही घसा बसेपर्यंत ओरडलात म्हणूनच आज धागा वाचताना तुम्हाला शब्द आठवले ना?

आर्या_पुणे

होय, सगळे आठवले. हे माझ्या लक्षात आले नव्हते. धन्यवाद, दिंडीकर.

मिशिगनकर

मी डेट्रॉइटजवळ वीस वर्षे राहतो, म्हणून इथल्या इतिहासाची थोडी भर घालतो, कारण 'ठेका की संदेश' हा प्रश्न इथल्या समाजाला फार महागात पडलेला आहे.

१७३९ साली दक्षिण कॅरोलायनात स्टोनो येथे गुलामांनी उठाव केला तेव्हा ते ढोल वाजवत चालले होते. पुढच्याच वर्षी त्या वसाहतीने कायदा करून गुलामांना ढोल वापरण्यास बंदी केली. ढोल हातातून गेले तेव्हा लोकांनी टाळ्या आणि पाय वापरले. गोलाकार फिरत, पाय आपटत, एकाने सांगायचे आणि इतरांनी उत्तर द्यायचे, अशी प्रार्थना ते करीत, आणि तिला 'रिंग शाउट' म्हणतात. म्हणजे ज्या समाजाचे वाद्य काढून घेतले त्याने स्वतःच्या शरीराचे वाद्य केले आणि त्यावर देवाचे नाव घेतले. त्या समाजाच्या वंशजाला 'नाचताना संदेश कसा पोहोचेल' असे विचारणे मला फारसे योग्य वाटत नाही.

चर्चच्या आतही हा वाद झाला. थॉमस डॉर्सी हे आधी ब्लूज, म्हणजे कृष्णवर्णीयांचे चर्चबाहेरचे लौकिक संगीत, वाजवणारे पियानोवादक होते. १९३२ साली बाळंतपणात पत्नी आणि पाठोपाठ नवजात मुलगा गेल्यावर त्यांनी जे प्रार्थनागीत लिहिले ते आज जगभर गातात, पण त्यांच्या गॉस्पेल गीतांतली (कृष्णवर्णीय चर्चच्या भक्तिगीतांतली) ब्लूजची लय अनेक प्रतिष्ठित चर्चना सुरुवातीला नकोशी होती. पेंटेकोस्टल पंथाच्या चर्चनी मात्र ड्रम आणि खंजिरी मोकळेपणाने आत घेतली. झांजांनी आणि नृत्याने देवाची स्तुती करा असे बायबलमधल्या स्तोत्रसंहितेच्या १५०व्या स्तोत्रातच आहे, असे ते सांगत. फंकमधले कितीतरी वादक अशाच बाकांवरून उठून आलेले आहेत. फंकचे नामवंत गायक-वादक स्लाय स्टोन यांचे कुटुंब अशाच पंथाच्या चर्चमधले होते आणि त्या भावंडांनी १९५२ साली, लहान असतानाच, भक्तिगीतांची ध्वनिमुद्रिका केली होती.

तेव्हा माझ्या मते फंकने भक्ती उसनी घेतली असे म्हणणे उलटे होईल. फंकचा ठेका बऱ्याच अंशी चर्चमधूनच रस्त्यावर आला.

नगरची_सांज

मिशिगनकर, तुमचे वाचून आमच्या रेव्हरंड ना. वा. टिळकांची आठवण झाली. १८९५ साली ख्रिस्ती झाल्यावर त्यांनी पाश्चात्त्य चालींची भाषांतरित गीते पुरेशी मानली नाहीत. ख्रिस्ताची भक्ती अभंगात, भजनात, कीर्तनात आणली. मराठी ख्रिस्ती मंडळींत त्यांची पदे आजही टाळ-तबल्यावर गातात. आपल्या माणसाचे पाय ज्या ठेक्यावर उचलतात त्याच ठेक्यावर तारणाची वार्ता सांगावी, हे त्यांना उमगले होते. एवढेच सांगून मूळ विषयाकडे वळते.

शुक्रतारा

सगळ्यांनी पापाविषयी आणि जन्माविषयी लिहिले, पण पहिल्या कडव्याला कोणी हात लावला नाही. हे गाणे ज्या मे महिन्यात तयार झाले त्याच महिन्यात वॉटरगेट प्रकरणाची, म्हणजे अध्यक्ष निक्सन यांच्या माणसांच्या हेरगिरीची आणि लपवाछपवीची, सिनेटसमोरची सुनावणी दूरचित्रवाणीवरून घराघरांत दिसू लागली. त्याच वर्षी जानेवारीत पॅरिसमध्ये शांतता करार होऊनही व्हिएतनाममधले युद्ध थांबले नव्हते. सत्ताधारी खोटे बोलतात आणि माणसे मरतात ही ओळ तेव्हाच्या ऐकणाऱ्याला अध्यात्म वाटली नसेल, ती त्याच्या सकाळच्या वर्तमानपत्रात होती.

म्हणून मला या उद्धारात 'मी' एकटा दिसत नाही. झोपलेल्यांनो, झोप पुरे करा, अशा अर्थाचे शब्दही त्यात आहेत. आपल्याकडेही संतांनी जागे व्हा म्हटले ते एकट्याला उद्देशून म्हटले नाही. ज्याला दुसरी संधी मिळाली आहे त्याने आजूबाजूचे खोटे मुकाट्याने चालू द्यायचे का, हा प्रश्न गाणे विचारते आणि माझ्या मते ते त्याचे सर्वांत धीट अंग आहे.

पायवाट

या गाण्याशी जोडली गेलेली घटना अजून कोणी सांगितली नाही, म्हणून सांगतो. 'इनरव्हिजन्स' ३ ऑगस्ट १९७३ रोजी प्रकाशित झाला. ६ ऑगस्टला वंडर मोटारीतून उत्तर कॅरोलायनातल्या डरहॅमकडे निघाले होते, पुढच्या आसनावर झोपले होते. लाकडाचे ओंडके नेणाऱ्या ट्रकशी मोटारीची धडक झाली आणि त्यांच्या कपाळावर जबर मार बसला. काही दिवस ते बेशुद्ध होते. त्यांचे सहकारी आयरा टकर ज्युनियर यांनी सांगितले आहे की हाका मारून उपयोग होईना, तेव्हा त्यांनी कानाशी तोंड नेऊन मोठ्याने 'हायर ग्राउंड' म्हणायला सुरुवात केली, आणि काही वेळाने वंडर यांची बोटे त्या गाण्याच्या तालात हलू लागली. तेव्हा वाटले की हा माणूस परत येणार. या टकर यांचे वडील डिक्सी हमिंगबर्ड्स या नामवंत गॉस्पेल चमूचे मुख्य गायक होते.

त्या अपघातात वंडर यांची वास घेण्याची शक्ती गेली. सप्टेंबर संपण्याआधी ते बोस्टनमध्ये एल्टन जॉन यांच्या कार्यक्रमात मंचावर आले. त्यांनी पुढे सांगितले की गाणे अपघाताच्या आधीचे असले तरी काहीतरी घडणार आहे हे कोणीतरी आपल्याला सुचवत असावे, आणि ही आपल्या आयुष्याची दुसरी संधी आहे. अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या सर्वसाधारण यादीत गाणे चौथ्या क्रमांकापर्यंत गेले, 'रिदम अँड ब्लूज'च्या यादीत पहिल्या. मला त्या क्रमांकांपेक्षा ती बोटे महत्त्वाची वाटतात.

रात्रपाळी

पायवाट, तुम्ही लिहिलेल्या प्रसंगावर मला थोडे सावधपणे बोलायचे आहे. मी पंधरा वर्षे मेंदूच्या रुग्णांच्या अतिदक्षता विभागात परिचारिका म्हणून काम केले आहे. बेशुद्ध माणसाचे बोट हलले की नातेवाईक धावत येतात. त्यांना त्यात हाक ऐकू आल्याची खूण दिसते आणि आम्हाला तक्त्यात लिहावे लागते की हालचाल सांगितल्यावर झाली की आपोआप झाली. बहुतेक वेळा ती आपोआप झालेली असते. गाण्यामुळे शुद्ध आली असे म्हणणे म्हणूनच मला धाडसाचे वाटते. शुद्ध परत येतच होती आणि गाणे नेमके त्या वेळी कानाशी होते, असेही असू शकते.

पण ज्या तपशिलावर मी थबकले तो वेगळा आहे. आपोआप हलणारे बोट कसेही हलते, त्याला माप नसते. इथे बोटे तालात पडली असे सांगणारा माणूस स्वतः गाणाऱ्यांच्या घरातला होता, त्याला ताल चुकला की बसला हे कळत होते. एकदा आमच्याकडे ढोलकी वाजवणारे एक गृहस्थ होते. त्यांची मुलगी रोज संध्याकाळी त्यांच्या तळहातावर आपल्या दोन बोटांनी ठेका धरायची आणि मधेच मुद्दाम थांबायची. नवव्या दिवशी ती थांबली तेव्हा पुढचा ठोका त्यांच्या अंगठ्याने दिला. तो किंचित उशिरा आला, पण जागेवर आला. त्या रात्री मी तक्त्यात 'हालचाल : प्रतिसाद' असे लिहिले. त्यांना तेव्हा स्वतःचे नाव सांगता येत नव्हते. ते त्यानंतर आठ दिवसांनी सांगता आले.

दूरदेशी, तुमच्या प्रश्नाला माझे उत्तर एवढेच आहे की ठेका शब्दाच्या आधी पोहोचतो हे मी पाहिले आहे.

निरुत्तर

रात्रपाळी, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. दिंडीकरांनी दाखवलेली चूकही मान्य करतो, 'कोणतेही दर्शन' असे मी म्हणायला नको होते. तरी माझा मूळ मुद्दा पूर्ण सुटलेला नाही. ठेका आधी पोहोचतो हे खरे मानले तर तो कोणत्याही संदेशासोबत पोहोचेल, भल्याही आणि बुऱ्याही. मग या गाण्यात ठेक्याने संदेशाला नेमकी कोणती मदत केली? आजीच्या पावलांना विठ्ठल माहीत होता. स्नेहसंमेलनातल्या मुलांना काय माहीत होते?

खर्जातला_सा

निरुत्तर, याच प्रश्नासाठी काल एक प्रयोग केला. आमच्या भजनी मंडळात मृदंग वाजवणारे एक ज्येष्ठ आहेत, वय बहात्तर, इंग्रजीचा गंध नाही. त्यांना हेडफोन न लावता, साध्या स्पीकरवर, मूळ ध्वनिमुद्रण ऐकवले. आधी क्लॅव्हिनेट एकटे येते तेव्हा त्यांनी भजनी ठेक्याच्या आठ मात्रा धरल्या आणि मांडीवरचा हात अडखळला. त्यांनी हात उचलला आणि डोळे मिटून नुसते ऐकले. मग प्रत्येक ठोक्याचे तीन तुकडे बोटांच्या पेरांवर मोजले, म्हणजे दादऱ्याची दोन आवर्तने सलग धरल्यासारखे बाराचे माप. त्यानंतर त्यांचा हात चुकला नाही.

गाणे संपल्यावर अर्थ न सांगता मी विचारले, हा माणूस काय म्हणत असावा? ते म्हणाले, 'मागणं आहे काहीतरी, पण रडून मागत नाही. चालता चालता मागतोय. आणि फिरून फिरून त्याच जागेवर येतोय, पण येताना दमलेला नाही.' मग मी त्यांना शब्दांचा अर्थ सांगितला. ते म्हणाले, 'मग बरोबर आहे, परत आलेल्याचंच आहे.'

निरुत्तर, माझ्या मते हीच ती मदत. या गाण्यात तेच तीन सूर अखेरपर्यंत पुन्हा पुन्हा येतात. पुन्हा येणे ही शिक्षा वाटावी अशा लयीत ते वाजले असते तर शब्दांतला आनंद खोटा वाटला असता. कोणताही ठेका चालला नसता, हाच लागला. त्यांनी दुसऱ्यांदा ऐकताना चिपळ्या मागवल्या हे सांगायचे राहिले.

शुक्रतारा

फार सुंदर. याला जोडून एक. तीनच वर्षांनी, १९७६च्या 'साँग्ज इन द की ऑफ लाइफ' या अल्बममधल्या 'पासटाइम पॅरडाइज'मध्ये वंडर यांनी हरे कृष्ण संप्रदायाचे कीर्तनकार आणि लॉस एंजेलिसच्या एका चर्चचा गायकवृंद एकत्र गायला लावले आहेत. दोन्ही वाटांनी चालायची त्यांची तयारी तिथे उघड ऐकू येते. 'इनरव्हिजन्स'मध्येच असलेल्या 'जीझस चिल्ड्रन ऑफ अमेरिका' या गाण्यात तर ते धर्माचा पुकारा करणाऱ्यांना विचारतात की तुम्ही बोलता तसे वागता का, आणि त्यातच ध्यानधारणेचाही उल्लेख येतो.

दूरदेशी

सर्वांचे मनापासून आभार. मी धागा काढला तेव्हा माझे मत पक्के होते, आता त्यात एक गाठ पडली आहे आणि ती इथे सांगणे मला आवश्यक वाटते.

रविवारी मी आईला दूरध्वनीवरून हे गाणे ऐकवले, अर्थ सांगितला आणि आजीच्या पावलांची आठवण काढली. आई थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, 'तुझी आजी गजर संपला की देवाला काय म्हणायची ते तू कधी ऐकलं नाहीस. तू तेव्हा प्रसादापाशी असायचास. ती म्हणायची, पांडुरंगा, आता परत पाठवू नकोस, हे गुडघे पुरे झाले.'

म्हणजे ज्या आजीचा दाखला देऊन मी या गाण्याची बाजू मांडली, तिला पुन्हा येण्याचा आनंद नको होता. तिला निरुत्तर म्हणतात तीच सुटका हवी होती, आणि तरी ती तुकोबांचेच अभंग म्हणत नाचत होती. निरुत्तर, आजीपुरता तुमचा आक्षेप मी मान्य करतो.

आईला गाणे आवडले का, ते मात्र सांगतो. तिने विचारले की तो कोणत्या देवाला म्हणतो आहे. मी सांगितले की नाव घेतलेले नाही, नुसते 'देव' म्हटले आहे. त्यावर ती म्हणाली की परत एकदा लाव, पण फोन टेबलावर ठेव आणि आवाज मोठा कर. दुसऱ्या वेळी तिच्या बाजूने बांगड्यांचा आवाज येत होता, आणि खर्जातला_सा यांचा प्रतिसाद वाचलेला असल्यामुळे मी मोजून पाहिले. ती आठच्या मापात होती. मी तिला थांबवले नाही.

खर्जातला_सा

दूरदेशी, आईंना सांगा की पहिला ठोका दोन्ही मापांत एकाच जागी पडतो. तिथे त्यांच्या बांगड्या आणि वंडर यांचा ड्रम नक्की एकत्र वाजले असतील.